होल्डन का चालली आणि ऑस्टिन का मागे पडली

मेलबर्नला नव्याने आलेल्या एका मराठी इंजिनिअरने विचारलं आहे: "१९४८ साली ऑस्ट्रेलियाच्या बाजारात आलेल्या होल्डनने दहा वर्षांत ब्रिटिश गाड्यांना एवढं मागे कसं टाकलं? लोकांनी ती 'आपली गाडी' म्हणून घेतली, की तिच्यात खरंच काही होतं? आणि आज होल्डनची एखादी जुनी एफजे किंवा ईएच मॉडेलची गाडी चांगल्या भावात मिळाली तर घ्यावी का?"

मी इथे जुन्या गाड्या दुरुस्त करतो, पत्र्यापासून इंजिनापर्यंत. त्याआधी महाराष्ट्रात फियाट आणि ॲम्बेसेडरवर हात काळे केलेले. त्यामुळे माझं उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही, रॅम्पखाली उभ्या राहणाऱ्या माणसाचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. 'आपली गाडी' हा जाहिरातीचा भाग होता आणि तो छान चालला, पण गाडी विकली गेली ती मापांमुळे. सिलिंडरचा व्यास, गाडीचं वजन, जमिनीपासूनची उंची आणि किंमत, या चार गोष्टी ऑस्ट्रेलियाच्या रस्त्याला आणि खिशाला एकाच वेळी बसल्या. ब्रिटिश गाडीत यातल्या एक-दोन बसायच्या.

सुरुवात पेट्रोलपासून करावी लागते. ऑस्ट्रेलियात पेट्रोलचं रेशनिंग १९४० मध्ये लागलं आणि युद्ध संपल्यावरही सुटलं नाही. पेट्रोल आणायचं म्हणजे डॉलर मोजायचे, आणि स्टर्लिंग गटातल्या, म्हणजे ब्रिटिश पौंडाशी बांधलेल्या, सगळ्याच देशांकडे डॉलरचा दुष्काळ होता. जून १९४९ मध्ये हायकोर्टाने केंद्राचं रेशनिंग बेकायदा ठरवलं, नोव्हेंबरमध्ये राज्यांच्या मदतीने ते परत आलं, आणि डिसेंबरच्या निवडणुकीत विरोधी पक्षनेते मेन्झीस यांनी कूपनं बंद करण्याचं आश्वासन देऊन पंतप्रधान चिफ्ली यांच्या सरकारला घरी बसवलं. फेब्रुवारी १९५० मध्ये रेशनिंग खरंच गेलं. पेट्रोलच्या कूपनांचा एका सरकारच्या पराभवात मोठा हात होता, यावरून मोटार तेव्हाच लोकांच्या आयुष्यात किती आत शिरली होती ते कळावं.

डॉलरच्या याच टंचाईमुळे युद्धाआधी इथे लाडक्या असलेल्या शेव्हरोले आणि फोर्ड व्ही-८ दुर्मीळ झाल्या. ती जागा ब्रिटनने भरली. ब्रिटनला स्वतःचं कर्ज फेडायचं होतं, तिथे कारखान्यांना पोलाद मिळायचं तेच निर्यातीच्या हिशोबाने. ऑस्टिन ए-४०, मॉरिस मायनर, हिलमन मिंक्स, स्टँडर्ड व्हॅनगार्ड अशा गाड्या जहाजं भरभरून आल्या. काही पूर्ण तयार, बऱ्याचशा सुट्या भागांच्या पेट्यांतून इथे जोडायला.

या गाड्या वाईट नव्हत्या, हे आधी सांगतो. मॉरिस मायनरचं स्टिअरिंग आजही हातात घेतलं की बरं वाटतं. पण त्यांच्या इंजिनाचा आकार रस्त्याने ठरवलेला नव्हता, करखात्याने ठरवला होता. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं मोटारीचा कर एका सूत्रावर आकारला जायचा आणि त्या सूत्रात फक्त सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या धरली जायची, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जितकं अंतर जातो ते, धरलाच जायचा नाही. मग इंजिनिअरांनी काय केलं? व्यास कमी ठेवला आणि स्ट्रोक लांब केला. पहिल्या मॉरिस मायनरच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाचा व्यास ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. ऑस्टिन ए-४० चा व्यास साधारण साडेपासष्ट, स्ट्रोक ८९. अशा इंजिनात पिस्टनला दर फेऱ्याला लांब अंतर धावावं लागतं. गावातल्या गावात, लंडनच्या उपनगरातून स्टेशनपर्यंत, हे उत्तम चालतं, कमी वेगाला छान ओढतं. पण मेलबर्नहून ॲडलेडला निघून दिवसभर ताशी शंभर किलोमीटरने पळवा, म्हणजे पिस्टनचा वेग सतत वरच्या टोकाला राहतो. तेल तापतं, रिंगा झिजतात, बेअरिंग वाजायला लागतात. हा कर ब्रिटनने युद्धानंतर लवकरच बदलला, पण तोवर ती इंजिनं ओतून झाली होती.

व्हॅनगार्ड याला अपवाद. तिचं इंजिन दोन लिटरच्या थोडं वर, व्यास ८५, स्ट्रोक ९२. तेच इंजिन थोड्या फरकाने फर्ग्युसनच्या राखाडी ट्रॅक्टरातही बसायचं, त्यामुळे शेतकऱ्याला त्याची ओळख होती आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळायचे. व्हॅनगार्ड इथे चांगली खपली.

आता होल्डन. घराणं ॲडलेडचं, धंदा १८५६ पासून घोड्यांच्या खोगिरांचा, मग बग्ग्यांचा, मग मोटारींच्या बॉडीचा. १९३१ मध्ये जनरल मोटर्सने ते विकत घेतलं. युद्धाच्या काळात या कंपनीने मेलबर्नच्या फिशरमन्स बेंडला टायगर मॉथ विमानांना लागणारी जिप्सी मेजर इंजिनं बनवली. ही गोष्ट लोक विसरतात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. १९४५ साली या देशात क्रँकशाफ्ट घासणारे, ब्लॉक बोअर करणारे, हजारांश इंचात मोजणारे हात तयार होते. पोलाद न्यूकॅसल आणि पोर्ट केम्बलाला तयार होत होतं. १९४४ मध्ये सरकारने कंपन्यांना विचारलं की इथे पूर्ण गाडी कोण बनवेल, तेव्हा 'करू' म्हणणं शक्य झालं ते यामुळे.

कंपनीचा इथला प्रमुख लॉरेन्स हार्टनेट हा मूळचा इंग्रज. त्याला गाडीचं डिझाइन इथलं हवं होतं. डेट्रॉइटचं म्हणणं, आमच्याकडे छोट्या शेव्हरोलेचा एक बाजूला ठेवलेला आराखडा आहे, तो घ्या. शेवटी डेट्रॉइटचंच चाललं आणि हार्टनेट काही काळाने कंपनीतून बाहेर पडला. पुढे त्याने फ्रेंच आराखड्यावर स्वतःची छोटी गाडी काढायचा घाट घातला, पण बॉडीचे पत्रे वेळेवर मिळालेच नाहीत आणि मोजक्या गाड्यांवर प्रकरण आटोपलं. गंमत पाहा, 'ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी' म्हणून जी ओळखली जाते ती अमेरिकेने नाकारलेल्या गाडीवरून निघाली, आणि कारखान्याचा पैसा डेट्रॉइटने घातला नाही, तो कॉमनवेल्थ बँक आणि बँक ऑफ ॲडलेड यांच्या कर्जातून उभा राहिला. नफा मात्र पुढे अटलांटिकपार नाही, पॅसिफिकपार गेला. त्यावर १९५० च्या दशकात संसदेत आणि वर्तमानपत्रांत बरीच ओरड झाली.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांनी फिशरमन्स बेंडला ही गाडी लोकांसमोर आणली. कारखान्याचं नाव ४८-२१५, लोक पुढे एफएक्स म्हणू लागले. किंमत करासह ७३३ पौंड, म्हणजे सामान्य कामगाराचा दोन वर्षांच्या आसपासचा पगार. तरी सुमारे १८,००० लोकांनी गाडी डोळ्यांनी न बघता नोंदणी केली होती.

बॉनेट उघडलं की लांबट, राखाडी रंगाचं सहा सिलिंडरचं इंजिन दिसतं. म्हणून त्याला सगळे 'ग्रे मोटर'च म्हणतात. २.१५ लिटर, ६० अश्वशक्ती. व्यास ७६ मिलिमीटर, स्ट्रोक ७९. वर मायनरचे आकडे दिले आहेत, ते शेजारी ठेवून बघा. दोन मापं जवळजवळ सारखी असलेलं, आरामात फिरणारं, कमी कॉम्प्रेशनचं, कसलंही पेट्रोल पचवणारं इंजिन. गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी आणि तळ एकसंध. त्यामुळे सहा माणसं बसतील एवढ्या गाडीचं वजन एक टनाच्या आसपास राहिलं. साठ घोडे आणि एक टन हे गुणोत्तर त्या काळात त्या किमतीला दुसरं कोणी देत नव्हतं. गाडी टॉप गिअरलाच चढ चढून जायची आणि ताशी ऐंशी मैलांपर्यंत पळायची.

आणि काय नव्हतं तेही सांगायला हवं, कारण आज लोक या गाडीला देव्हाऱ्यात बसवतात. वळण्याचे इंडिकेटर नाहीत, काच खाली करून हात बाहेर काढायचा. हिटर किमतीत धरलेला नाही. सहा व्होल्टची वायरिंग, त्यामुळे रात्री हेडलाइट म्हणजे नुसती हजेरी. तीन गिअर, दांडी स्टिअरिंगच्या कॉलमवर, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबवून तरी टाका नाहीतर डबल क्लच मारा. ज्याने आपल्याकडची कॉलम गिअरची फियाट चालवली आहे त्याला हे नवीन नाही.

पण काटकसर कुठे करायची हे त्यांनी बरोबर ठरवलं होतं. पुढचं सगळं सस्पेन्शन एका आडव्या क्रॉसमेंबरवर बसवलेलं, तो क्रॉसमेंबर बोल्टने सुटतो. इंजिनाभोवती हात फिरवायला जागा आहे. वॉटर पंप, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, सगळं समोर दिसतं. जवळचं गॅरेज तीनशे किलोमीटरवर असणाऱ्या शेतकऱ्याला ही गाडी स्वतः खोलता यायची. माझ्याकडे आजही जुन्या मालकांच्या मुलांनी आणलेल्या गाड्या येतात, त्यात वडिलांनी कातड्याचा तुकडा कापून बनवलेलं गॅस्केट किंवा तारेने बांधलेली लिंक सापडते, आणि ती चाळीस-पन्नास वर्षं चाललेली असते.

इथे एक फाटा फोडतो, कारण तुम्ही मुंबईकडचे आहात आणि हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. हीच जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. मग फिशरमन्स बेंडला पूर्ण गाडी आणि शिवडीला १९५४ मध्ये टाळं, असं का? भारत सरकारचं धोरण १९५३ च्या सुमारास स्पष्ट झालं, की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, टप्प्याटप्प्याने देशात उत्पादन करायची योजना द्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमिअर आणि पूर्वेला हिंदुस्थान मोटर्स राहिली. ऑस्ट्रेलियाचं सरकारही तेच मागत होतं, पण दोन फरक होते. एक, इथे मालकी परदेशी असण्याला हरकत नव्हती, कारखाना आणि रोजगार इथे असला की झालं. दुसरा, लोकसंख्या मुंबई राज्यापेक्षा कितीतरी कमी असूनही गाडी घेऊ शकणारी घरं इथे कितीतरी जास्त होती. एफएक्स सुमारे १,२०,००० बनल्या, तिची पुढची आवृत्ती एफजे १९५३ ते १९५६ मध्ये सुमारे १,७०,०००. तेवढ्या संख्येवर प्रेसचे साचे परवडतात. आपल्याकडे तेव्हा तेवढी गिऱ्हाइकं नव्हती.

तुमच्या ॲम्बेसेडरचा भाऊबंदही इथे भेटतो. सिडनीच्या झेटलंडला, घोड्यांच्या जुन्या रेसकोर्सवर, बीएमसीचा, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा, कारखाना होता. तिथल्या मॉरिस मेजरमध्ये ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन यायचं. हेड काढलंत तर ओळख पटेल, टप्पेटचा आवाजही तोच.

आता रस्ता. ऑस्ट्रेलियाचा रस्ता म्हणजे आजचा हायवे डोळ्यांसमोर आणू नका. पर्थला जाणारा नलारबोरवरचा रस्ता पूर्ण डांबरी झाला तो १९७६ मध्ये. त्याआधी शहर सोडलं की खडी, मग माती. कोरड्या मातीवर वाहनांच्या चाकांनी आडव्या लाटा तयार होतात, पन्हाळी पत्रा रस्त्यावर आडवा अंथरल्यासारख्या. हळू गेलात तर गाडीचा नट न् नट सुटतो. ताशी ऐंशीच्या पुढे गेलात तर चाक एका लाटेच्या माथ्यावरून दुसरीच्या माथ्यावर जातं आणि गाडी शांत होते, पण मग चाकांची जमिनीवरची पकड जवळजवळ जाते. शॉकअब्सॉर्बर उकळतात, त्यांचं तेल गळतं, पाटे तुटतात. शिवाय 'बुलडस्ट' नावाची पिठासारखी धूळ, ती दाराच्या रबरातून, डिकीच्या फटीतून, कार्ब्युरेटरमधून सगळीकडे शिरते. युरोपातल्या पावसाचा विचार करून लावलेलं दाराचं रबर पाणी अडवतं, ही धूळ अडवत नाही. त्या काळच्या फोटोंत गाड्यांना पुढे काचेवर जाळी, काचेच्या वर बाहेरून लावलेली उन्हाची झापड आणि बंपरला लटकवलेली कॅनव्हासची छागळ दिसते. छागळीतलं पाणी पाझरून गार राहायचं, पिण्यालाही आणि रेडिएटरलाही.

कोणती गाडी या रस्त्यावर टिकते याचा निकाल लागला रेडेक्स ट्रायल या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत. १९५३ मध्ये सिडनीहून निघून क्वीन्सलँड, डार्विन, ॲलिस स्प्रिंग्ज, ॲडलेड, मेलबर्न करत परत सिडनी, सुमारे साडेदहा हजार किलोमीटर. भाग घेणारे बहुतेक हौशी, रोजच्या वापराच्या गाड्या घेऊन आलेले. गावोगाव लोक रस्त्याच्या कडेला उभे. जिंकला मेटलँडचा एक औषधविक्रेता, केन टबमन, प्यूजो २०३ मध्ये. फ्रेंच गाडी, चारच सिलिंडर. होल्डनवाले आजही हे सांगायला जरा कां-कूं करतात. पण प्यूजो बघितली की कारण दिसतं: मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, रॅक-पिनियन स्टिअरिंग, आणि चाकाला वर-खाली हलायला भरपूर वाव. फ्रान्सनेही आफ्रिकेतल्या वसाहतींचे रस्ते डोळ्यांसमोर ठेवले होते, लंडनचे नाही. १९५४ ची स्पर्धा याहून लांब, सगळ्या खंडाला फेरी. ती 'जेलिग्नाइट जॅक' मरे याने १९४८ च्या जुन्या फोर्ड व्ही-८ मध्ये जिंकली. वाटेत मजेखातर सुरुंगाच्या कांड्या फोडायचा म्हणून हे नाव. १९५५ ला फोक्सवॅगन बीटल पुढे आली. तिला रेडिएटरच नाही, मग उकळणार काय? त्यानंतरची काही वर्षं खेड्यापाड्यांतली बीटलची विक्री या स्पर्धांनीच ओढली.

म्हणजे टिकाऊपणात होल्डन सर्वश्रेष्ठ होती असं नाही. प्यूजो जास्त दणकट होती, बीटल जास्त निर्धास्त. पण प्यूजो महाग, आणि बीटलमध्ये सहा माणसं, कुत्रा आणि तंबू मावत नाहीत. होल्डन सगळ्याच बाबतींत दुसरी किंवा तिसरी, आणि किमतीत पहिली. बाजार अशाच गाडीचा असतो. १९५८ साली देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तिचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर गेला होता.

यूट या गाडीविषयीही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पुढे मोटारीची केबिन, मागे मालाचा हौदा, ही कल्पना युद्धाआधीची. १९३४ मध्ये जीलाँगच्या फोर्डमध्ये लू बँड्ट या तरुण डिझायनरने ती एका शेतकऱ्याच्या बायकोच्या पत्रावरून काढली, रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं बाजारात न्यायला एकच गाडी हवी म्हणून. होल्डनने १९५१ मध्ये स्वतःची यूट आणली आणि सुतार-प्लंबर मंडळींनी ती जी उचलली ती उचललीच.

होल्डनच्या या वर्चस्वाला पहिला खरा धक्का १९६० मध्ये बसला. फोर्डचा विचार ब्रिटिश झेफर इथे बनवायचा होता, पण इथल्या मंडळींनी अमेरिकेत नवी फाल्कन पाहिली आणि झेफर सोडून दिली. मेलबर्नच्या उत्तरेला ब्रॉडमेडोजच्या नव्या कारखान्यातून फाल्कन आली: खालच्या अंगाची, लांब, ९० अश्वशक्ती. तेव्हा होल्डनचं तेच राखाडी इंजिन ७५ पर्यंत पोचलं होतं. दिसायला फाल्कन दहा वर्षांनी पुढची होती. पण ती अमेरिकेच्या गुळगुळीत रस्त्यांची. इथल्या मातीवर तिचे पुढचे बॉल जॉइंट निसटायला लागले, टॅक्सीवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी नाव टाकलं. फोर्डला पुढचं अंग मजबूत करत आणायला चार-पाच वर्षं लागली. मग १९६५ मध्ये त्यांनी यू यांग्जच्या स्वतःच्या ट्रॅकवर एक्सपी फाल्कन नऊ दिवस रात्रंदिवस पळवल्या, मिळून ७०,००० मैल, सरासरी ताशी ७० मैलांच्या वर. काही गाड्या उलटल्या, ठोकून सरळ केल्या आणि पुन्हा पळवल्या. खर्चिक नाटक होतं, पण नाव धुऊन निघालं. माझ्या मते या सगळ्या काळातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग हाच. अमेरिकेत चालणारा जोड इथे का तुटतो, हे कागदावर कळत नाही.

१९६२ मध्ये क्रायस्लरची व्हॅलिअंट आली, तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, १४५ अश्वशक्ती. म्हणजे होल्डनच्या जवळजवळ दुप्पट! तेव्हा कुठे होल्डनला जाग आली. १९६३ च्या ईएचमध्ये नवं लाल रंगाचं इंजिन बसलं. ग्रे मोटरला चार मेन बेअरिंग होती, याला सात. हायड्रॉलिक टप्पेट, नीट ऑइल फिल्टर, लहान इंजिनाला १०० आणि मोठ्याला ११५ अश्वशक्ती. ईएच दीड वर्षात अडीच लाखांहून जास्त विकली गेली. कोणी विचारलं की या कंपनीची सगळ्यात चांगली गाडी कोणती, तर मी तिची नंतरची गाजलेली स्पोर्ट्स गाडी मोनॅरो म्हणत नाही, ईएच म्हणतो.

शर्यतींबद्दल थोडंच लिहितो, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ग्रे मोटरचं हेड बदलून ती शर्यतीच्या गाड्यांत घालायची मोठी परंपरा इथे होती. रेप्को ही पिस्टन-बेअरिंगसारखे सुटे भाग बनवणारी कंपनी, तिच्यासाठी फिल आयर्विंग या इंजिनिअरने असं एक हेड काढलं. त्याच माणसाने पुढे रेप्कोसाठी ओल्ड्समोबिलच्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर व्ही-८ इंजिन तयार केलं, आणि १९६६ मध्ये जॅक ब्रॅबहॅम स्वतःच्या नावाच्या गाडीत, या इंजिनावर, जगज्जेता झाला. सुटे भाग विकणाऱ्यांनी फेरारीला हरवलं, हे मला अजून खरं वाटत नाही. बाथर्स्टच्या शर्यतीत त्याच वर्षी मिनी कूपर एसने पहिले नऊ क्रमांक घेतले. व्ही-८ चं वेड त्यानंतरचं.

शहरंही गाडीच्या मापाने कापली गेली. मेलबर्नच्या बरवुडला १९५४ मध्ये पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर, ब्रिस्बेनच्या चर्मसाइडला १९५७ मध्ये पार्किंगने वेढलेलं शॉपिंग सेंटर, १९६० मध्ये आपल्या मेलबर्नचं चॅडस्टोन. ॲडलेडने १९५८ मध्ये एक मार्ग सोडून सगळ्या ट्राम काढल्या, सिडनीने १९६१ मध्ये शेवटची, ब्रिस्बेनने १९६९ मध्ये. मेलबर्नने ठेवल्या, त्याबद्दल रोज सकाळी आभार मानावेत. आणि किंमत रस्त्यावर मोजली गेली: १९७० साली देशात ३,७९८ माणसं अपघातात मेली. त्याच वर्षाच्या शेवटी व्हिक्टोरियाने सीटबेल्ट लावणं सक्तीचं केलं, जगात पहिल्यांदा. १९७२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली.

सरकारच्या धोरणाचं माझं मत जरा कडू आहे. १९६४ च्या योजनेत गाडीचे ९५ टक्के भाग इथलेच हवेत, तर सवलत, असं ठरलं. उद्देश चांगला, पण एवढ्याशा बाजारात चार-पाच कंपन्या सगळं स्वतः बनवू लागल्या आणि साचे बदलणं कोणालाच परवडेना. फोक्सवॅगनचंच बघा. क्लेटनला बीटल पूर्ण बनवायला घेतली, तोवर जर्मनीत बॉडी बदलली. इथले साचे जुने, म्हणून इथली बीटल छोट्या काचांची जुनीच राहिली. शेवटी १९६८ मध्ये ते परत सुट्या भागांच्या जुळणीवर आले. याच काळात पोर्ट मेलबर्नला, जिथे व्हॅनगार्ड जोडल्या जायच्या तिथेच, १९६३ पासून टोयोटा टियारा जोडली जाऊ लागली. स्नोई माउंटन्सच्या धरणांवर लेस्ली थीस या कंत्राटदाराने टोयोटाच्या लँड क्रूझर आधीच आणल्या होत्या. जपान्यांनी ब्रिटिशांसारखी घाई केली नाही. इथे काय मोडतं ते बघितलं आणि पुढच्या जहाजात तो भाग बदलून पाठवला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, घ्यावी का.

रोज चालवायची असेल तर ईएच, १७९ घन इंचाच्या मोठ्या इंजिनाची. शनिवार-रविवारी फिरवायची आणि हाताने काम करायची हौस असेल तर एफजे. दोन्हींचे रबर, पत्रे, दिवे, बिजागऱ्या आजही नव्याने बनून मिळतात, हे भाग्य त्याच काळातल्या ब्रिटिश गाड्यांच्या इथल्या मालकांना नेहमी मिळत नाही. इंजिनाला घाबरू नका. ग्रे मोटर धूर सोडत असली तरी पुन्हा बांधता येते. घाबरायचं ते गंजाला. चेसिस वेगळी नाही, म्हणजे दाराखालच्या पेट्या आणि तळाचा पत्रा हाच गाडीचा कणा. जॅक लावून गाडी उचला आणि दार उघड-बंद करा. दार अडकलं किंवा फट बदलली तर कणा सडलाय. लोहचुंबक बरोबर न्या. दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकाभोवती आणि पुढच्या काचेच्या खाली फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि चकचकीत रंगाच्या आत ती भरपूर असू शकते. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला जोडले आहेत तिथे टॉर्च मारून बघा, एफजेत तिथे वेल्डिंगवर वेल्डिंग दिसलं तर भाव निम्मा सांगा किंवा सोडून द्या. एफजेच्या पुढच्या चाकाला वर-खाली धरून हलवा, किंगपिन (चाक ज्यावर वळतं त्या खिळी) खुळखुळत असतील तर ते बदलता येतात, पण भाव पाडायला उपयोगी.

जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट शिशाच्या पेट्रोलवर टिकायच्या. ते पेट्रोल इथे २००२ पासून बंद आहे. हेड कधी उतरवलं असेल तर कडक सीट बसवल्या का ते विचारा, नसतील तर पुढच्या वेळी बसवून घ्या आणि तोवर पेट्रोलमध्ये मिसळायचं औषध वापरा. सहा व्होल्टची वायरिंग मूळचीच ठेवायची की बारा व्होल्ट करायची यावर क्लबात भांडणं होतात. मी बारा करून देतो, कारण मला रात्री रस्ता दिसलेला आवडतो. एफजेनंतरच्या, १९५६ च्या एफई मॉडेलपासून कंपनीनेही बाराच केली होती.

व्हिक्टोरियात पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला क्लब परमिट मिळतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचं. मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्व लागतं आणि गाडी बाहेर काढाल त्या दिवशी निघण्याआधी लॉगबुकात तारीख भरायची. सीटबेल्टचे पट्टे नसलेली गाडी घेतलीत तर माझ्याकडे किंवा कोणाही इंजिनिअरकडे आणून नीट आधार देऊन पट्टे बसवून घ्या. एफजेच्या पातळ पत्र्याला मागे प्लेट न लावता नुसता बोल्ट ठोकून देणारे लोक आहेत, तसा पट्टा गळ्यात घालायला बरा, अपघातात कामाचा नाही. ब्रेक चारही ड्रमचे आहेत. पुढच्या गाडीपासून आज ठेवता त्याच्या तिप्पट अंतर ठेवा, आणि डँडेनाँगच्या डोंगरांचा उतार उतरताना गिअरमध्येच उतरा.